आश्रयदाता संत कसा निवडावा? एका दीक्षार्थी भगिनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न: मी पुण्यात राहते, वय ३४, व्यवसायाने हिशेबनीस. जन्माने हिंदू, आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. दीड वर्षापासून रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते आणि जूनपासून कॅथलिक होऊ इच्छिणाऱ्यांच्या दीक्षार्थी वर्गात आहे. येत्या ईस्टरला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) व्हायचा आहे. फादरांनी सांगितलंय, तोवर एक आश्रयदाता संत, म्हणजे आपल्यासाठी देवाकडे विनंती करणारा आपला खास संत, निवडून ठेवा. इंटरनेटवरच्या यादीत हिशेबनिसांसाठी संत मत्तय असं लिहिलं होतं, पण ते वाचून मनात काहीच हललं नाही. हे कुलदैवत बदलण्यासारखं आहे का? नाव बदलावं लागतं का? माझ्या नावाचा अर्थ प्रकाश असा आहे आणि ते आईने हौसेने ठेवलंय. आणि चुकीचा संत निवडला गेला तर?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त धास्ती तुम्ही त्याचीच घेतलेली दिसते. चुकीचा संत असा काही प्रकार नसतो. संत रुसत नाहीत, कोपत नाहीत. तुम्ही एकाला निवडलं म्हणून बाकीचे तुमच्यासाठी प्रार्थना करायचे थांबत नाहीत. तेव्हा ती भीती बाजूला ठेवा आणि निवांतपणे निवडा.

मी वसईत बावीस वर्षं प्रौढ दीक्षार्थींचा वर्ग घेते. कुठल्या वर्षी सहा-सात जण असतात, कुठल्या वर्षी एकच. संत निवडायची वेळ आली की जवळजवळ प्रत्येक जण तुमच्यासारखाच यादीपासून सुरुवात करतो: डॉक्टरांसाठी लूक, संगीतकारांसाठी सिसिलिया, पत्रकारांसाठी फ्रान्सिस द सेल्स, हरवलेल्या वस्तूंसाठी अंतोनी, हताश झालेल्यांसाठी यूदा थद्देय. याद्या खोट्या नाहीत, पण त्या म्हणजे दुकानांवरच्या पाट्या. पाटी वाचून दुकानदाराशी ओळख होत नाही.

तुमच्या मत्तयाचंच बघा. यादी म्हणते, हिशेबनिसांचा संत. आता यादी मिटा आणि बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय, नववं वचन उघडा. एक माणूस जकातीच्या नाक्यावर बसला आहे. लोक त्याच्याकडे तिरस्काराने बघतात, कारण तो रोमन सत्तेसाठी पैसे गोळा करतो. येशू जाता जाता त्याला म्हणतो, माझ्यामागे ये, आणि तो उठून निघतो. सगळं एका वचनात. त्याने खाती कशी नीट ठेवली याबद्दल तिथे अक्षर नाही, आहे ते खाती टाकून उठण्याबद्दल. पोप फ्रान्सिस १६ वर्षांचे असताना, १९५३ मध्ये, मत्तयाच्याच सणाला, २१ सप्टेंबरला, पापनिवेदनासाठी गेले आणि तिथे त्यांना धर्मगुरू होण्याचं आपलं पाचारण जाणवलं. पुढे त्यांनी ब्रीदवाक्य घेतलं तेही मत्तयाच्या या प्रसंगावरच्या एका जुन्या प्रवचनातून. दया करून निवडलं, असा त्याचा भाव. मी तुम्हाला मत्तय घ्या असं सांगत नाही. पण सोडायचाच असेल तर एकदा भेटून सोडा.

आता कुलदैवत. हा प्रश्न तुम्ही मोकळेपणाने विचारलात याचा मला फार आनंद झाला. बहुतेकांच्या मनात तो असतो, पण फादरांसमोर बोलायला जीभ रेटत नाही. कुलदैवत घराण्याकडून येतं. सून लग्न होऊन आली की सासरचं दैवत तिचं होतं, तिला कुणी विचारत नाही. तिथे निवड नाही, आणि जे आहे ते दैवत आहे. आश्रयदाता संत दैवत नाही. तो तुमच्या-माझ्यासारखा माणूस, आपल्याआधी देवाच्या घरी पोहोचलेला. आराधना फक्त देवाची, संतांना द्यायचा तो मान, हा फरक ख्रिस्तसभेने ७८७ साली निकाया इथल्या दुसऱ्या परिषदेतच स्पष्ट केला. म्हणून खंडोबाच्या जागी संत अंतोनी असा हिशेब मांडू नका. खंडोबाबद्दल तुमच्या आईच्या मनात जे आहे त्याच्या तोडीला तुमच्या नव्या श्रद्धेत फक्त परमेश्वर आहे. संत त्या रांगेतच उभे नाहीत.

तुमच्या ओळखीतले प्रोटेस्टंट मित्र कदाचित बायबल उघडून दाखवतील की देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, येशू ख्रिस्त. पौलाच्या तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, ते वचन आहे आणि आम्ही ते जसंच्या तसं मानतो. परीक्षेला निघताना तुम्ही आजीला म्हणालाच असाल, आजी, माझ्यासाठी देवाला सांग गं. आजीला देव करून तुम्ही हे म्हटलं नव्हतं. संतांना आपण तेवढंच म्हणतो, आणि मरणाने ते नातं तुटत नाही अशी आमची श्रद्धा आहे.

नवसाबद्दलही बोलायला हवं, कारण ती सवय आपल्या सगळ्यांच्या हाडात आहे, आम्हा जन्माने ख्रिस्ती असलेल्यांच्यासुद्धा. पोराला नोकरी लागू दे, तुझ्यासमोर इतक्या मेणबत्त्या लावीन. मेणबत्ती लावणं चांगलंच, आभार मानणं त्याहून चांगलं. पण जो संत फक्त कामापुरता घेतला त्याच्याशी नातं काम झालं की संपतं, आणि काम झालं नाही तर लगेच संपतं. मी हे होताना डोळ्यांनी पाहिलंय. वर्गातल्या एका मुलीने अशक्य गोष्टींची संत म्हणून कॅशियाची रिता निवडली, कारण तिला मोडलेलं लग्न जुळायला हवं होतं. ते जुळलं नाही. वर्षभर तिने रिताचं नाव काढलं नाही. मग एकदा तिने रिताचं चरित्र पहिल्यांदा पूर्ण वाचलं: नवऱ्याचा खून झालेला, दोन्ही मुलगे गेलेले, मठाने आधी प्रवेश नाकारलेला. म्हणाली, टीचर, हिचं तर काहीच मनासारखं झालं नव्हतं. रिता खऱ्या अर्थाने तिची झाली ती त्या दिवशी.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. तुमचं मागणं पुरं होणार नाही त्या दिवशी ज्याच्याजवळ बसावंसं वाटेल, तो तुमचा संत.

नावाचं सोपं आहे. बदलावं लागत नाही. १९१७ च्या चर्च कायद्यात संताच्या नावाचा आग्रह होता. आईवडिलांनी दुसरंच नाव ठेवलं तर धर्मगुरूने जोडीला संताचं नाव देऊन ते नोंदवहीत लिहावं, असं कलम होतं. आपल्याकडच्या जुन्या कुटुंबांत घरचं नाव एक आणि चर्चचं दुसरं दिसतं, त्याचं एक कारण हे. १९८३ पासून लागू असलेल्या कायद्यात ८५५ वं कलम एवढंच म्हणतं की नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. प्रकाश हा अर्थ परका कसा असेल? ‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे येशूचंच वाक्य आहे, आणि स्नानसंस्कारानंतर तुमच्या हातात पेटती मेणबत्ती देतात तीसुद्धा ख्रिस्ताच्या प्रकाशाची खूण म्हणूनच.

तरीही संताचं नाव जोडायची इच्छा असेल तर दोन माणसांकडे बघा. पहिले संत देवसहायम. जन्म १७१२, त्रावणकोरातल्या नट्टालमचा, मूळ नाव नीलकंठ पिल्लै, राजाच्या पदरी अधिकारी. १७४१ च्या कोळचेलच्या लढाईत त्रावणकोरने पकडलेला डच कप्तान द लनॉय पुढे तिथल्याच सैन्यात चाकरीला लागला होता. नीलकंठ पिल्लैंवर संकटांमागून संकटं येत होती तेव्हा त्याने त्यांना बायबलमधल्या, सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाची गोष्ट सांगितली. १७४५ मध्ये स्नानसंस्कार झाला तो लाजरस या नावाने, पण लाजरस म्हणजे ‘देव ज्याला साहाय्य करतो’, म्हणून तमिळमध्ये सरळ देवसहायम. कैद, छळ, आणि १४ जानेवारी १७५२ ला अरलवायमोळीजवळ गोळ्या घालून वध. २०२२ मध्ये संतपद मिळालं. भारतातले संतपदाला पोहोचलेले हे पहिले संसारी गृहस्थ. त्यांचा दिवस बहुतेक वर्षी आपल्या संक्रांतीलाच येतो. माझ्या वर्गात त्या दिवशी तिळगूळ वाटून झाला की मी त्यांचीच गोष्ट सांगते.

दुसरी संत जोसेफिन बाखिता. सुदानमधली मुलगी, लहानपणी गुलाम म्हणून पळवलेली. धसक्याने ती आईवडिलांनी ठेवलेलं स्वतःचं नावच विसरली. बाखिता हे पळवणाऱ्यांनी दिलेलं नाव, अर्थ नशीबवान. हातोहात विकली जाऊन अखेर इटलीत पोहोचली. ९ जानेवारी १८९० ला व्हेनिसमध्ये तिचा स्नानसंस्कार झाला, तेव्हा जोसेफिन आणि मार्गारेट यांच्यासोबत तिसरं नाव दिलं ते फोर्तुनाता. म्हणजे पुन्हा नशीबवानच. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी दिलेलं नावसुद्धा चर्चने तिच्याकडून काढून घेतलं नाही, ते उजळून परत दिलं. मग आईने प्रेमाने ठेवलेलं नाव तुम्ही का टाकावं? आईशी बोलाल तेव्हा ही गोष्ट सांगा. मुलगी धर्माबरोबर आपण ठेवलेलं नावही टाकणार, ही भीती कित्येक आयांच्या मनात बाकी सगळ्यापेक्षा मोठी असते.

तुमच्या नावाच्या अर्थाची संत हवीच असेल तर ती आहे: सिसिलीतल्या सिराक्यूजची लुसी. लॅटिनमध्ये लुक्स म्हणजे प्रकाश. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट डायोक्लेशनच्या छळात ती रक्तसाक्षी झाली, म्हणजे श्रद्धेसाठी तिने प्राण दिले. सण १३ डिसेंबरला. तिच्या चित्रात हातातल्या तबकात डोळे दिसतात, ती आख्यायिका मात्र बऱ्याच नंतरची आहे. तिच्याबद्दल खात्रीने सांगता येईल असं थोडंच उरलंय. मला स्वतःला असा संत आवडतो ज्याचे स्वतःचे शब्द वाचता येतात. पण मिस्सातल्या प्राचीन रोमन प्रार्थनेत तिचं नाव शतकानुशतकं घेतलं जातंय, हेही काही कमी नाही.

कागदपत्रांची काळजी करू नका. चर्चच्या नोंदवहीत जोडलेल्या नावामुळे आधार, पॅन किंवा बँकेतलं नाव बदलत नाही. कायद्याने नाव बदलणं ही राजपत्राची वेगळी प्रक्रिया आहे आणि आश्रयदाता संत घेण्यासाठी तिची काही गरज नाही.

आता जरा आमच्या वसईकडे येते. संत गोन्सालो गार्सिया इथलेच. वडील पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, भाषा अशी शिकले की लोक ऐकत राहत. त्यांना जेझुइट व्हायचं होतं, पण ते दार उघडलं नाही. मग व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर म्हणून दाखल झाले. दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकमाने त्यांना आणि सोबत्यांना पकडलं, क्योतोत डावा कान कापला, ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला एकूण सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले, भारतात जन्मलेले पहिले. ज्यांना आयुष्यात एकदा तरी, तू आमच्यातला नाहीस, असं ऐकून परत फिरावं लागलंय, त्यांच्यासाठी यांच्याइतका जवळचा संत मला दुसरा माहीत नाही. मी वसईची आहे म्हणून माझा जीव त्यांच्यावर जास्त आहे, हे मला मान्य आहे.

फ्रान्सिस झेवियरबद्दल मला दरवर्षी विचारतात, कारण जुन्या गोव्यातलं त्यांचं शवदर्शन अनेकांनी आधीच घेतलेलं असतं. मागचं प्रदर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत होतं. झेवियरची पत्रं वाचली की माणूस भारावून जातो. चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, मुख्य भूमी डोळ्यांसमोर असताना, १५५२ मध्ये ते ४६ व्या वर्षी वारले. पण १५४६ च्या एका पत्रात त्यांनीच पोर्तुगालच्या राजाकडे भारतात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, आणावं अशी मागणी केली, हेही तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. ते न्यायालय गोव्यात आलं त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, आणि त्याने काय केलं ते कोकणी-मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. संतपद म्हणजे त्या माणसाच्या प्रत्येक निर्णयावर मारलेला शिक्का नव्हे. झेवियर निवडायचे असतील तर हे सगळं माहीत करून निवडा. दीक्षार्थीपासून ते लपवणाऱ्या शिक्षकावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

तरुण मुलं हल्ली कार्लो अक्युटिसचं नाव घेतात, जो पंधराव्या वर्षी २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला आणि २०२५ मध्ये संत घोषित झाला. त्याच्या घरी काम करणारा मॉरिशसचा हिंदू गृहस्थ कार्लोची श्रद्धा बघून कॅथलिक झाला होता, तेव्हा तुमच्या वाटेवरच्या माणसाला तो परका नाही. स्त्रीने पुरुष संत घ्यावा का, असंही विचारतात. खुशाल घ्यावा.

पंधरा वर्षांपूर्वी वर्गात एक रिक्षाचालक होते. फारसं बोलत नसत. सगळ्यांनी संतांची नावं सांगितली, यांची पाळी आली की मान खाली. मी त्यांना काही पुस्तिका दिल्या, त्यांनी त्या न उघडता परत आणल्या. महिन्याभराने वर्ग संपल्यावर थांबले आणि खिशातून छोटं शुभवर्तमान काढलं. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात बसच्या तिकिटाची खूण घातलेली. बोट ठेवून म्हणाले, टीचर, हा योसेफ. रात्री उठतो, बायको-पोराला घेतो आणि निघतो. एक शब्द बोलत नाही. मी पुढची-मागची पानं बघितली, कुठेच बोलत नाही. मग जरा थांबून म्हणाले, मलाही बोलता येत नाही. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी खरोखर एकही वाक्य नाही. मी ते किती वेळा शिकवलं होतं, पण ते मला कळलं त्या संध्याकाळी, त्या तिकिटाच्या खुणेवर.

तर तुम्ही असं करा. तीनच नावं घ्या, जास्त नको. प्रत्येकाला दोन आठवडे द्या. रोज रात्री दहा मिनिटं त्याच्याबद्दल किंवा त्याचं स्वतःचं लिखाण वाचा. लिझ्यूची तेरेझा, आविलाची तेरेझा, ऑगस्टिन यांनी स्वतःबद्दल भरपूर लिहून ठेवलंय. ज्यू घरात जन्मलेली तत्त्वज्ञ एडिथ स्टाइन १९२१ च्या उन्हाळ्यात आविलाच्या तेरेझाचं आत्मचरित्र वाचून कॅथलिक व्हायला निघाली, आणि पुढे मठात गेल्यावर तिने तेरेझाचंच नाव घेतलं. गुळगुळीत चरित्रं टाळा. ज्या चरित्रात संताला एकदाही राग येत नाही, भीती वाटत नाही, ते बाजूला ठेवलेलं बरं. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि आपल्या मराठीत, आपल्या शब्दांत त्याच्याशी दोन वाक्यं बोला. घरी आईशी दिवसभरात काय झालं ते बोलता तसं, ऑफिसातल्या कटकटीसकट. सहा आठवड्यांनी तीनपैकी एकाशी बोलणं चालू राहिलेलं असेल, बाकीचे दोघं मागे पडलेले असतील. हे कौल लावून ठरवू नका. नववर्षाला चिठ्ठी काढून वर्षाचा संत घेण्याची प्रथा काही मठांत आहे, ती सुंदर आहे, पण ती एका वर्षापुरती आहे. आपल्या धर्ममातेलाही, म्हणजे स्नानसंस्कारात तुमच्या पाठीशी उभी राहणाऱ्या बाईलाही, विचारा. तुम्हाला जे दिसत नाही ते तिला कधी कधी दिसतं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी तुमच्या नावनोंदणीचा विधी होईल. तोवर ठरलं तर उत्तम, नाही ठरलं तरी काही बिघडत नाही. मात्र झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आधी फादरांना कळवा. कारण ईस्टरच्या आदल्या रात्री, स्नानसंस्काराच्या पाण्याला आशीर्वाद देण्याआधी, संतांची लितानी गातात: एकेका संताचं नाव आणि पाठोपाठ सगळ्यांचं ‘आम्हांसाठी विनंती कर’. त्या रात्री ज्यांचा स्नानसंस्कार आहे त्यांच्या आश्रयदात्या संतांची नावं त्यात घालता येतात. गायकवृंद हातातल्या कागदावरून गातो, आणि तो कागद आठवडाभर आधी तयार होतो. नाव चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात आणि पूर्ण लिहा. नुसतं तेरेझा लिहिलंत तर आविलाची, लिझ्यूची की कोलकात्याची, हे गाणाऱ्याला कळणार नाही.